सहावी वाटी

फिटरमामा बोरीवलीला आमच्याकडे आला की आधी माणसांना भेटायचा नाही, गाडीला भेटायचा. खाली पार्किंगमध्ये थांबून मला फोन करायचा, "खाली ये, गाडी चालू कर." मी चप्पल सरकवून खाली जायचो. मामा बॉनेट उघडायचा, पिशवीतला हातभर लांब स्क्रूड्रायव्हर काढायचा, त्याचं टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. वॉचमन, इस्त्रीवाला, शाळेतून परतणारी पोरं, सगळी गप्प उभी राहायची. वर खिडकीतून केतकी ओरडायची, "मामा, चहा निवतोय!" मामा डोळे न उघडता दुसऱ्या हाताने तिला थांबवायचा. पाच मिनिटांनी वर यायचा आणि दारातच सांगायचा, "खोकता हा जरा." खोकतंय कोण, हे आमच्या घरात कुणी विचारायचं नाही.

तो माझा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ. गाव मालवणकडचं. आजोबा गिरणीत होते, त्यांच्यामागून मामाही गिरणीच्या मशीनशॉपमध्ये फिटर म्हणून चिकटला. गिरणी बंद पडल्यावर चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका कारखान्यात लागला आणि तिथूनच रिटायर झाला. इस्टेटीपासून दहा मिनिटांवर सेक्टरमधल्या बैठ्या घरात तो आणि मामी राहायचे. मूलबाळ नव्हतं. आई गेल्यापासून माझ्या घरचं शुभकार्य मामीच करायची आणि माझ्या गाडीचं मामा.

गाडी जुनी होती, तीन सिलिंडरची छोटी पांढरी. त्या वर्षी ती निळा धूर सोडायला लागली. गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच सांगितलं, "काढून टाका साहेब, इंजिन संपलंय." केतकीला तेव्हा पाचवा महिना होता. तिचं माहेर नाहूरला, बाळंतपण तिकडेच करायचं ठरलेलं. बोरीवलीहून नाहूर म्हणजे अख्खी मुंबई आडवी कापायची. त्या रस्त्यांवरून तिला रिक्षात घालून न्यायची माझी तयारी नव्हती आणि नवीन गाडी घ्यायची ऐपत नव्हती. मी हे सगळं मामाला फोनवर सांगितलं. ती माझी चूक.

"संपला म्हणजे काय? इंजिन संपणा नाय. ता घासता. घेऊन ये हय, घरातच खोलूया," मामा म्हणाला.

"मामा, किती दिवस लागतील?"

"पंधरा."

मी बरं म्हणालो. मला गाडी हवी होती, केतकीला सुखरूप नेण्यासाठी आणि बाळाला सुखरूप आणण्यासाठी. मामाला ती गाडी स्वतःच्या हातांनी चालू करायची होती. वरवर पाहता दोघांना एकच गोष्ट हवी होती, त्यामुळे पुढे एवढं भांडण होईल असं वाटलं नव्हतं.

इंजिन काढलं तो रविवार मला लख्ख आठवतो. मामाच्या घरापुढे पत्र्याची पडवी आहे, तिच्या लोखंडी तुळईला मामीचा झोपाळा टांगलेला असायचा. मामाने झोपाळा उतरवला आणि त्याच कड्यांना साखळीची चेनकुप्पी अडकवली. सकाळपासून दुपारपर्यंत तो एकेक नळी, एकेक वायर सोडवत होता. मग साखळी ओढायला घेतली. कर्रर्र करत इंजिन वर आलं आणि झोपाळ्याच्या जागी लोंबकळत राहिलं. मामी पदर तोंडाला लावून म्हणाली, "माझो झोपाळो पंधरा दिवसांनी परत गावतलो मां?" "गावतलो, गावतलो," मामा म्हणाला. मामीला तो पाच महिन्यांनी मिळाला.

मामाच्या कामाची एक पद्धत होती आणि तिनेच मला वेड लावलं. खोललेल्या भागांवर तो खूण करायचा नाही, चिठ्ठी लावायचा नाही, वहीत लिहायचा नाही. वस्तू भांड्यांत ठेवायचा, आणि भांडी म्हणजे त्याच्या लग्नात आहेर म्हणून आलेली. आपल्याकडे आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालून घेतात, ते नाव मामाची खूण. "क्लचचे बोल्ट बाबलतात्याच्या डब्यात," "वॉटर पंपाचे नट गुंडूभावजींच्या पेल्यात." मी मार्कर आणि चिकटपट्टी घेऊन गेलो, तर माझ्याकडे बघून हसला. "चिकटपट्टी तेलान सुटता. शांतामावशी सुटणा नाय." ह्या शांतामावशी जाऊन वीस वर्षं झाली होती.

सगळ्यात मान सहा व्हॉल्व्हना. व्हॉल्व्ह म्हणजे चपट्या डोक्याचा, बोटाहून थोडा लांब असा जाडजूड खिळाच. तो आपल्या जागेवर इतका घट्ट बसावा लागतो की आतून हवासुद्धा निसटता कामा नये. त्यासाठी मामा पेस्ट लावून एकेक व्हॉल्व्ह हाताने घासायचा, तळव्यांमध्ये काठी फिरवत, रवी फिरवल्यासारखा. एकेकाला दोन-दोन, तीन-तीन दिवस. घासून झालेला व्हॉल्व्ह दुसऱ्याच्या जागी चालत नाही. म्हणून मामीच्या सोलकढीच्या सहा मोठ्या वाट्या त्याने ताब्यात घेतल्या, स्वयंपाकघरातल्या फडताळावर परातीत एका ओळीत उपड्या घातल्या आणि प्रत्येकीखाली तेल लावलेला एक व्हॉल्व्ह ठेवला. पहिली वाटी शांतामावशीची, पाचवी सुमनआक्काची. सहावी मामीने नंतर कधीतरी बाजारातून आणलेली, तिच्यावर कुणाचंच नाव नव्हतं. मामी तेव्हापासून सोलकढी स्टीलच्या पेल्यांतून वाढत होती.

पंधरा दिवस झाले, महिना झाला, दोन झाले. दर रविवारी मी जायचो आणि दर रविवारी मामा पडवीत स्टुलावर बसून काहीतरी पुसत असायचा. "मामा, तारीख सांग ना एक." "लोखंडाक घाई समजत नाय," हे त्याचं ठरलेलं उत्तर. हे वाक्य मला इतक्या वेळा ऐकवलं की माझ्या ऑफिसातल्या कामालाही मी ते मनातल्या मनात लावू लागलो. मामाच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने बिनइंजिनाच्या गाडीला नोटीस चिकटवली. मामाने तिचा बोळा करून हात पुसले. शेजारी पैज लागली, आधी बाळ येणार की इंजिन. मामीच्या समोरच्या घरातल्या कांबळेवहिनींनी बाळावर दहा वडापाव लावले होते.

माझं डोकं फिरवणारे प्रकार वेगळेच. इंजिनाचा ब्लॉक इस्टेटीतल्या लेथवाल्याकडे बोअर करायला, म्हणजे आतून कातून घ्यायला दिलेला. एकदा मामा तो आणायला गेला आणि मटार घेऊन परत आला. "तयार नाय झालो," म्हणाला. मी फोन केला तर लेथवाला म्हणतो, "आठ दिवस झाले तयार होऊन. मामा आले होते, चहा घेतला, गप्पा मारल्या, गेले." शेवटी मीच ब्लॉक उचलून आणला आणि तो पुन्हा साखळीला लटकला. त्याच आठवड्यात मामाने मला तीनदा विचारलं, केतकीला कितवा महिना. मला वाटलं, माणसाला आता कामाचा कंटाळा आलाय आणि कबूल करवत नाही. मी तसं केतकीला बोललोही. ती म्हणाली, "असं नको बोलू रे, म्हातारा माणूस आहे." मी म्हणालो, "म्हातारा आहे म्हणूनच तर गॅरेजला देऊया म्हणत होतो."

सातव्या महिन्यात मामीने केतकीचं डोहाळजेवण चारकोपला तिच्या घरी घातलं. पडवीत इंजिन लोंबकळतंय, त्यावर मामीने जुनी चादर टाकून झेंडूची माळ सोडलेली, आणि आत बायकांची गर्दी. फुलांचे दागिने झाले, गाणी झाली, मग वाट्यांचा खेळ आला. दोन वाट्या उपड्या घालायच्या, एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. जिचं डोहाळजेवण तिने एक उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मामीने ते ताट तयार करून फ्रिजवर ठेवलं होतं. कांबळेवहिनी आत गेल्या, फडताळावर उपड्या वाट्या दिसल्या, त्यांनी कडेच्या दोन न उघडता अलगद ताटात सरकवल्या आणि घेऊन आल्या.

केतकीने डोळे मिटून वाटी उचलली. खाली ना पेढा, ना बर्फी. तेलाने चकाकणारा व्हॉल्व्ह.

मग कांबळेवहिनीच ओरडल्या, "अगं बाई, हिला इंजिनच होणार!" आणि घर हसून हसून लोळलं. आम्ही पुरुषमंडळी पडवीत होतो, आतला हशा ऐकून आम्हीही हसलो. मामा मात्र ताडकन उठला, आत गेला आणि बायकांच्या घोळक्यात वाकून दुसरी वाटी बघू लागला. सुमनआक्काची वाटी, तिच्याखालचा व्हॉल्व्ह तिच्यासकट त्याने उचलून परातीत नेऊन ठेवला. पण केतकीने उचललेली बिननावाची वाटी तोवर मामीने धुऊन पुसून तिच्यात बर्फीचे तुकडे वाढायला घेतले होते. तिच्याखालचा व्हॉल्व्ह कुठे गेला ते कुणालाच सांगता येईना.

आम्ही घर पालथं घातलं. ताटं, पाट, फुलांचा कचरा, मोरी. नाही म्हणजे नाही. मामा परातीपुढे उभा राहून त्या रिकाम्या वाटीकडे बघत होता. "नाव नसला की वस्तू परक्या घरात जाता," एवढंच म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी मी दुकानातून कोरा व्हॉल्व्ह आणून त्याच्या हातात दिला. "हा घास आणि बसव, मामा. विषय संपव." मामाने तो उलटसुलट करून पाहिला आणि खिडकीत ठेवला. पुढच्या रविवारी तो खिडकीतच होता. त्याच्या पुढच्या रविवारीही. "आपलो गावतलो. हयच खंय तरी आसा," मामा म्हणायचा. आठवा महिना लागला आणि मी भाड्याची टॅक्सी करून केतकीला नाहूरला पोचवलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला मी मनात मामाला शिव्या घातल्या. ते आज लिहायला लाज वाटते, पण घातल्या हे खरं आहे.

मुलगी झाली. कांबळेवहिनींनी दहा वडापाव जिंकले. मी नाहूरहून थेट चारकोपला गेलो, हातात बर्फीचा डबा होता. पडवीत मामा स्टुलावर बसलेला, इंजिन तसंच लोंबकळतंय, व्हॉल्व्ह खिडकीत. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"झाली माझी मुलगी! आणि तू अजून इथंच बसलायस! एवढा एक व्हॉल्व्ह, मामा! सहावा व्हॉल्व्ह घासून बसवला असतास तर आज गाडी दारात असती. तुझ्या हट्टापायी माझी सगळी वाट लागली!"

मामाने हातातलं फडकं खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. रागावला नव्हता. एखाद्या नवख्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं नम्रपणे त्याने विचारलं, "सहावो? सहावो खंयचो?"

मी बर्फीचा डबा तिथेच ठेवून निघालो. मामी फाटकापर्यंत मागे आली. तिने माझा हात धरला. "रागाव नको रे, प्रसाद. तेंका आता आठवणा नाय. वर्ष झाला. भायर कोणाक सांगूक देत नाय. वाटीवरचा नाव वाचलानी की मगे सगळा आठवता, कोण कसलो, खंय बसता. ह्या सहाव्या वाटयेर नावच नाय. ती उचलतत आणि तशेच बसून रवतत." तिने डोळे पुसले. "तुझी गाडी मागून घेतलानी ती कित्याक? एक इंजिन अजून जमता की नाय, ता तेंका बघूचा होता."

राग गेला असं म्हणणार नाही. मामावरचा होता तो माझ्यावर आला. लेथवाल्याचा चहा, तीनदा विचारलेला महिना, सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मी त्याला कंटाळा म्हणून मोकळा झालो होतो. मला ते आधीच सांगितलं का नाही, म्हणून मामीवरही चिडलो. पण कुणी सांगितलं असतं तर मी गाडी गॅरेजला नेली असती. हे तिला ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी नाहूरला पुन्हा गेलो. हातपाय धुतले, सासूबाईंच्या देवघरापुढे नमस्काराला वाकलो आणि तसाच वाकलेला राहिलो. बाळकृष्णाशेजारी, तांदळाच्या छोट्या राशीवर, हळदकुंकू वाहिलेला व्हॉल्व्ह उभा होता.

"आई, हे काय?"

सासूबाई जरा संकोचल्या. "डोहाळजेवणाला मी उशिरा पोचले आणि केतकीच्या ओटीचं गाठोडं इकडे घेऊन आले, त्यात होतं हे, नारळ-तांदळाबरोबर. मला वाटलं तुमच्या मालवणकडची काही पद्धत असेल. विचारायचं कसं? म्हणून देवापुढे ठेवलं. रोज हळदकुंकू वाहते हो मी. केतकी तर इकडे आल्यापासून देवघराकडे फिरकलीच नाही." ताटात सुटा पडलेला व्हॉल्व्ह कुणीतरी वाण समजून ओटीत टाकला होता.

मी हसलो की रडलो ते केतकीला विचारावं लागेल. तिचं म्हणणं, दोन्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला दांडी मारून चारकोपला गेलो. व्हॉल्व्ह मामाच्या तळहातावर ठेवला. त्याने कुंकू बोटाने पुसलं, घासलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि त्याचा चेहरा बदलला. "हो आपलो. हो माझ्या हातान घासलेलो," म्हणाला. त्या दिवसापासून मी त्याच्याशेजारी बसायला लागलो. मी वाटी उचलून नाव वाचायचो, तो भाग बसवायचा. "शांतामावशी." "आण, पयलो." डब्यांवरची, पेल्यांवरची नावं वाचत गेलो तसं इंजिन भरत गेलं. अर्ध्या लोकांना मी कधी पाहिलंही नव्हतं. आवळायचं ते मामाच आवळायचा. पाना माझ्या हातात एकदाच दिला आणि लगेच काढून घेतला, "तू रागान आवळतस, आटे जातले."

सव्वा महिन्याने केतकीला आणि आमच्या लेकीला, सईला, आणायला गेलो ते त्याच गाडीने. मामा पुढच्या सीटवर बसला होता, नवा सदरा घालून, मांडीवर स्क्रूड्रायव्हर. नाहूरला बिल्डिंगखाली सगळे बाळाला बघत होते आणि हा बॉनेट उघडून, मूठ कानाला लावून, डोळे मिटून उभा. केतकी सईला घेऊन त्याच्या शेजारी थांबली. या वेळी तिनेही घाई केली नाही. मामाने डोळे उघडले. "खोकणा नाय आता," म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. येताना एकदाही गाडीने धूर सोडला नाही.

त्यानंतर मामाने दुसरं इंजिन खोललं नाही. मामीचा झोपाळा परत लागला आणि तो त्यावर बसू लागला. हळूहळू तो सगळं सोडत गेला, रस्ते, वार, माणसं. मी रविवारी गेलो की "कोण आपण?" असं विचारायचा, अहोजाहो करून. मी सांगायचो, तो मान हलवायचा, पाच मिनिटांनी पुन्हा विचारायचा. खरं सांगतो, मला अजूनही वैताग यायचा. ज्या माणसाला वीस वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांचे नट-बोल्ट आठवतात त्याला मी का आठवत नाही? मामीने एक युक्ती काढली होती. दुपारी ती त्या सहा रिकाम्या वाट्या परातीत उपड्या घालून त्याच्यापुढे ठेवायची. तो एकेक उचलून नाव वाचायचा आणि न चुकता सांगायचा, पयलो, दुसरो, तिसरो. पाचव्यापर्यंत नीट. सहावी हातात घेऊन फिरवत बसायचा, मग अस्वस्थ व्हायचा, परातीखाली, झोपाळ्याखाली काहीतरी शोधायला लागायचा. मामीला ती वाटी काढूनही टाकता येईना, मग तो पाचच का म्हणून शोधायचा.

एका रविवारी मी ती वाटी पिशवीत घालून बोरीवलीला आलो. स्टेशनजवळ भांड्यांच्या दुकानात नाव घालणारा बसतो. त्याने विचारलं, "काय लिहू? कोणाकडून?" मी म्हणालो, नुसतं प्रसाद लिहा. मशीनच्या त्या आवाजाने माझे दात शिवशिवले. पंधरा दिवस आधी का सुचलं नाही, वर्षभर आधी का सुचलं नाही, म्हणून तिथेच उभ्या उभ्या मी स्वतःवर चिडलो.

पुढच्या रविवारी मामीने परात ठेवली. मी समोर पाटावर बसलो होतो. शांतामावशी झाली, सुमनआक्कापर्यंत आला. मग सहावी वाटी उचलली, फिरवली आणि थांबला. बोटाने एकेक अक्षर चाचपत वाचलं. "प्र... सा... द." झोपाळा थांबला होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"सहावो," मामा म्हणाला. "खंय होतस रे इतके दिवस?"

"नाहूरला, मामा," मी म्हणालो.

त्याने वाटी पुन्हा परातीत उपडी घातली, नीट ओळीत, आणि तिच्यावर हात ठेवला.

"आता हयसून हलव नको," तो मामीला म्हणाला.